घरी साके: एक बाटली, चार संध्याकाळी

साके या जपानी दारूची पहिली बाटली घरी आली की दोन गोष्टी हमखास होतात. कुणीतरी ती व्होडकासारखी छोट्या ग्लासांत भरतं आणि सगळे एका दमात संपवतात. नाहीतर ‘साके गरमच प्यायची असते’ असं कुठेतरी ऐकलेलं असतं, म्हणून ती चहासारखी उकळली जाते. दोन्ही वेळा घशाला चटका आणि नाकात झणका एवढंच हाती लागतं. उरलेली बाटली वर्षभर कपाटात पडून राहते.

मी चार वर्षं जपानमध्ये कोबेला राहत होते. घराजवळ एक इझाकाया होतं. इझाकाया म्हणजे दारूसोबत ताजे चार पदार्थ मिळणारी छोटी खानावळ. तिथल्या मालकांनी एकदा माझ्यासमोर दोन पेले ठेवले. पहिल्यातली साके थंड होती, सौम्य आणि शेवटी कोरडी, म्हणजे गोडवा न उरणारी. दुसरी कोमट होती. तिला नुकत्याच उतरवलेल्या भाताचा वास होता, चव गोडसर आणि तोंडभर पसरणारी. या दोन वेगळ्या साके आहेत असं मी धरूनच चालले होते. त्यांनी मागच्या फळीवरून एकच बाटली उचलली आणि माझ्यासमोर ठेवली.

तेव्हापासून कुणी विचारलं की मी हेच सांगते: पाच बाटल्या आणून प्रत्येकीचा एक घोट घेऊ नका. एकच बाटली आणा आणि ती वेगवेगळ्या तापमानाला पिऊन बघा. 720 मिलीची बाटली ही जपानी मापात चार ‘गो’ची. एक गो म्हणजे 180 मिली. दोघांनी मिळून एका संध्याकाळी एक गो घेतली, तर चार संध्याकाळी होतात. पुढची सगळी मांडणी त्या हिशेबाने आहे.

आधी थोडं समजून घेऊ

जपानीत ‘साके’ म्हणजे कोणतीही दारू. आपण जिला साके म्हणतो तिला तिथे निहोनशु म्हणतात. ती भट्टीवर वाफ धरून काढलेली नसते, तांदूळ आंबवून केलेली असते. तिच्यात अल्कोहोल साधारण 15 ते 16 टक्के, म्हणजे वाइनपेक्षा थोडं जास्त आणि व्हिस्कीच्या निम्म्याहूनही कमी. म्हणून ती वाइनसारखी घोट-घोट घ्यायची.

द्राक्षात साखर आयतीच असते, यीस्ट लगेच कामाला लागतं. तांदळात साखर नसते, पिष्ट असतं. ते फोडून त्याची साखर करण्याचं काम कोजी नावाची बुरशी करते. तांदूळ वाफवून, थोडा निववून त्यावर कोजीचे बीजाणू भुरभुरतात. उबदार खोलीत दोन दिवस तो तांदूळ हातांनी परतत राहतात. दाण्यावर पांढरी लव येते आणि वाफवलेल्या चेस्टनटसारखा गोड वास सुटतो. मग या कोजीत वाफवलेला तांदूळ, पाणी आणि यीस्ट घालून ‘शुबो’ करतात. त्या शब्दाचा अर्थच ‘दारूची आई’. आपल्या घरात विरजणाला जो मान, तोच तिथे शुबोला. या आईत तांदूळ, कोजी आणि पाणी तीन हप्त्यांत वाढवत नेतात. एकाच टाकीत एकीकडे कोजी साखर करत असते आणि त्याच वेळी दुसरीकडे यीस्ट त्या साखरेचं अल्कोहोल करत असतं. असं जोडीने काम चालतं म्हणूनच भट्टी न लावता अल्कोहोल 20 टक्क्यांच्या आसपास जाऊ शकतं. बाटलीत भरताना बहुतेक वेळा पाणी घालून ते उतरवतात. कोजी वापरून साके करण्याच्या या पारंपरिक ज्ञानाला डिसेंबर 2024 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत जागा मिळाली.

बाटली निवडताना

पहिल्या बाटलीसाठी माझं मत ठाम आहे: ‘जुनमाइ’ घ्या. जुनमाइ म्हणजे ‘निव्वळ तांदूळ’. तिच्यात तांदूळ, कोजी आणि पाणी यांखेरीज काही नसतं. थंड, साधी आणि कोमट अशी तिन्ही रूपं तिला बहुधा झेपतात, आणि आपल्याला तेच तर बघायचं आहे.

जपानी वाचता येत नसलं तरी एक अक्षर ओळखायला शिका. तांदळाचं अक्षर म्हणजे अधिकचं चिन्ह आणि त्याच्या चारी कोपऱ्यांत एकेक तिरकी रेघ. जुनमाइ या शब्दातलं दुसरं अक्षर हेच. मागच्या लेबलवर घटकांच्या ओळीतही ते दिसतं. तिथे तांदूळ आणि तांदळाची कोजी एवढ्या दोनच गोष्टी असतील तर बाहेरून अल्कोहोल घातलेलं नाही. तिसरा घटक म्हणून अल्कोहोल असेल तर बिचकू नका. होनजोझो प्रकारात ते मोजून-मापून घालतात, सुगंध मोकळा व्हावा आणि चव हलकी व्हावी म्हणून. चांगल्या होनजोझोला कमी लेखण्याचं काही कारण नाही.

लेबलवरचा टक्क्यांचा आकडा बहुधा तांदूळ किती सडला आहे ते सांगतो. हातसडीचा तांदूळ आपल्याला माहीत आहे. साकेचा तांदूळ त्याच्या कितीतरी पुढे जाऊन सडतात, कारण दाण्याच्या बाहेरच्या थरात मेद आणि प्रथिनं जास्त असतात आणि त्यांनी चव जड होते. इथे गोंधळ होतो तो असा, की आकडा सडून गेलेल्या भागाचा नसतो, उरलेल्या दाण्याचा असतो. 60 टक्के म्हणजे दाण्याचा 40 टक्के भाग कोंड्यात गेला. ‘गिंजो’ म्हणवून घ्यायला 60 किंवा त्याहून कमी लागतं, ‘दाइगिंजो’ला 50 किंवा त्याहून कमी. यामागुची प्रांतातल्या ‘दास्साइ’ या ब्रँडची 23 टक्क्यांची साके जगभर गाजली आहे.

आकडा जितका लहान तितकी किंमत चढी. म्हणून ती साके आपल्याला जास्त आवडेलच असं मात्र नाही. दाइगिंजोत सफरचंद, केळं, खरबूज यांची आठवण करून देणारे सुगंध येतात. हे फळ न घालता यीस्टने केलेलं काम आहे. पहिल्या घोटाला माणूस थक्क होतो. पण तीच बाटली चार दिवस जेवणाबरोबर घेऊन बघा, चौथ्या दिवशी साध्या जुनमाइची आठवण येईल. निदान मला येते.

काही लेबलांवर अधिक-उणे चिन्हाचा आकडा असतो, त्याला निहोनशु-दो म्हणतात. तो साकेची घनता मोजतो. 4 अंश सेल्सिअसच्या पाण्याइतकी घनता असेल तर शून्य. साखर जास्त उरली असेल तर उणे, कमी असेल तर अधिक. ढोबळ मानाने अधिक पाच कोरडी आणि उणे पाच गोड. पण आम्लता जास्त असेल तर उणे आकड्याची साकेही कोरडी लागते, तेव्हा आकड्यावर सगळं सोपवू नका.

भात कुठला, पाणी कुठलं, हेही लेबलवर वाचायला मजा येते. ह्योगो प्रांतातला यामादा निशिकी हा साकेच्या तांदळांचा राजा म्हणवला जातो. 1923 मध्ये त्याचा संकर झाला आणि 1936 मध्ये त्याला हे नाव मिळालं. ओमाची हा त्याहून जुना वाण ओकायामाचा. पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरची पु. ल. देशपांडे उद्यानातली ओकायामा मैत्री बाग ज्या ओकायामाच्या नावाची, तेच हे ओकायामा. ओमाचीची साके थोडी मातकट, भरदार असते. ती बाटली दिसली की मी पुण्याच्या बागेतल्या तळ्यातले मासे आठवते आणि घेऊनच टाकते.

आणखी दोन सूचना. दुकानात ‘कुकिंग साके’ लिहिलेली बाटली मिळते. ती पिण्यासाठी नसते, बहुतेकींत मीठ घातलेलं असतं. मिरिन हीसुद्धा साके नव्हे, ते गोड पाकासारखं स्वयंपाकाचं साहित्य आहे.

घरी आणल्यावर

साकेचे दोन शत्रू: उजेड आणि उष्णता. वाइनसारखी वर्षानुवर्षं जपून ठेवायची ही चीज नव्हे. काही साके मुद्दाम मुरवलेल्या असतात, पण नेहमीची बाटली वर्षभराच्या आत संपवलेली बरी. बाटली उभी ठेवायची, फ्रिजमध्ये किंवा गार, अंधाऱ्या जागी.

‘नामा’ लिहिलेल्या साकेला मात्र फ्रिज हवाच. एरवी साके दोनदा गरम करून निर्जंतुक करतात. नामा तशी केलेली नसते. मी परत आल्यावर पहिल्या मे महिन्यात पुण्याच्या घरी अशी एक बाटली ओट्याखालच्या कपाटात ठेवली होती. तीन आठवड्यांनी उघडली तर रंग पिवळट आणि वास कुबट, बंद पेटीतल्या कपड्यांना येतो तसा. ती ओतून टाकताना खरंच जिवावर आलं.

उघडलेली बाटली झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवली की आठवडाभर चांगली राहते. दोन-तीन दिवसांनी चव थोडी मऊ पडते. काही साके तेव्हाच जास्त छान लागतात.

पहिली संध्याकाळ: थंड

भांड्यांसाठी अडून बसू नका. जपानमध्ये साके चाखणारे लोक पांढरा चिनी मातीचा पेला वापरतात. त्याच्या तळाशी दोन निळी वर्तुळं असतात. पांढऱ्यावर साकेचा रंग कळतो, निळ्यावर तिचा नितळपणा. आपल्या घरी लहान वाइन ग्लास असेल तर वासासाठी तो उत्तम. सोबत चिनी मातीचा एक छोटा कप किंवा वाटी घ्या.

बाटली फ्रिजमधून काढून पंधरा-वीस मिनिटं बाहेर ठेवा. फ्रिजमधली साके साधारण 5 अंशांची असते. जपानीत त्या तापमानाला ‘युकिबिए’ म्हणजे बर्फाचा गारवा म्हणतात. एवढ्या गारव्यात वास झोपलेले असतात. 10 अंशांच्या आसपास, ज्याला ‘हानाबिए’ म्हणजे फुलांचा गारवा म्हणतात, ते जागे होतात.

ग्लासात दोन बोटं ओता. आधी उजेडात धरून बघा. किंचित पिवळसर झाक असेल तर ती दोष समजू नका. मग वास घ्या, पण वाइनसारखा ग्लास गरगर फिरवायची गरज नाही, साकेचा वास हळवा असतो. कशाची आठवण येते? भात, केळं, दही, ओली माती, काहीही चालेल. मनात आलेला पहिला शब्द वहीत लिहून ठेवा.

आता चमचाभर घोट घ्या. लगेच गिळू नका. जिभेवर पसरवा, ओठ किंचित उघडून थोडी हवा आत ओढा आणि ती नाकावाटे सोडा. ग्लासातून येणारा वास वेगळा आणि तोंडातून नाकात चढणारा वेगळा, हे इथे कळतं. साके करणारे दोहोंना निरनिराळी नावं देतात. गिळल्यावर चव किती वेळ रेंगाळते तेही बघा. चटकन निघून गेली तर तिकडे ते कौतुकाने ‘किरे’ म्हणतात, म्हणजे कापल्यासारखी स्वच्छ.

वाइनची सवय असलेल्यांना साके आंबटपणात कमी वाटेल. त्या जागी एक भरीव, रश्शासारखी चव असते, ती उमामी. टोमॅटो आटवल्यावर किंवा सुकट भाजल्यावर जी तोंडाला पाणी आणणारी चव लागते, तिच्याच कुळातली.

दुसरी संध्याकाळ: नुसती

आज ती गार करू नका, तापवूही नका. फ्रिजमधून काढून तासभर बाहेर राहू द्या. फ्रिज नव्हते तेव्हा न तापवलेल्या साकेला जपानमध्ये ‘हिया’ म्हणजे थंड म्हणत. ती सवय इतकी मुरली आहे की अजूनही काही जुन्या ठिकाणी ‘हिया’ मागितली की न तापवलेली, खोलीतली साके समोर येते. आपल्याकडे मे महिन्यात खोलीचं तापमान 35 अंश असतं, तेव्हा तुमच्या ‘नुसत्या’ साकेसाठी 20 अंशांच्या आसपासचं बघा.

कालची वही उघडून तेच शब्द आजही लागू पडतात का ते ताडा. बहुधा काल वासाला जोर होता, आज चवीला असेल. यापेक्षा या संध्याकाळी फार काही करायचं नाही.

तिसरी संध्याकाळ: कोमट

माझ्या लेखी हीच संध्याकाळ सगळ्यात मोलाची, म्हणून इथे सावकाश.

स्वस्त साके लपवायला ती गरम करतात असा एक समज आहे. तो मनातून काढा. उबेने गोडवा आणि उमामी उठून दिसतात आणि आम्ल गोलसर होतं. कितीतरी उत्तम जुनमाइ तापवण्यासाठीच केलेल्या असतात. जुन्या पद्धतीच्या ‘किमोतो’ आणि ‘यामाहाइ’ साके त्यांत आल्या. त्यांच्या शुबोत दुग्धाम्ल बाहेरून न घालता जिवाणूंकडून तयार होऊ देतात.

तापवण्याच्या पायऱ्यांना जपानीत सुरेख नावं आहेत. 30 अंशांना ‘हिनाताकान’, कोवळ्या उन्हाइतकी. 35 ला ‘हितोहादाकान’, माणसाच्या अंगाइतकी. 40 ला ‘नुरुकान’, 45 ला ‘जोकान’, 50 ला ‘आत्सुकान’, आणि 55 ला ‘तोबिकिरिकान’. पहिल्या वेळी 40 वर थांबा.

कृती अशी. एका पातेल्यात पाणी उकळा आणि गॅस बंद करा. सुरईसारख्या चिनी मातीच्या भांड्यात, ज्याला ‘तोक्कुरि’ म्हणतात, मानेच्या थोडं खालीपर्यंत साके भरा. काठोकाठ नको, तापली की ती फुगते. तोक्कुरि नसेल तर स्टीलचा लहान गडू किंवा उभा पेला घ्या. जपानमध्येही साके तापवायला ‘चिरोरि’ नावाचं धातूचं भांडं असतंच. भांडं गरम पाण्यात असं ठेवा की आतली साके आणि बाहेरचं पाणी साधारण एका पातळीत येतील. तोक्कुरित दोन-तीन मिनिटं लागतात, स्टीलमध्ये मिनिटभरात काम होतं.

स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर सोपं. नसेल तर तळाला बोट लावा: ऊब सुखाची वाटली, चटका बसला नाही, की झालं. तोक्कुरित आणखी एक खूण दिसते. मानेतली साके हळूच वर चढते. इझाकायातले मालक बोलता बोलता एकदा भांडं उचलत, तळाला मधल्या बोटाचं टोक लावत आणि परत पाण्यात सोडत. दुसऱ्यांदा उचललं की थेट पेल्यात. त्यांचा अंदाज कधी चुकलेला मी पाहिला नाही.

गॅसवर थेट भांडं ठेवू नका, वास उडून जातो. मायक्रोवेव्हमध्ये वरचा थर कढत आणि खालचा गार असं होतं. घाई असेल आणि तोच वापरायचा असेल तर मधे एकदा हलवून घ्या.

तापलेली साके चिनी मातीच्या छोट्या कपात ओता, ओठाला स्टीलचा चटका नको. सोबत ग्लासात थोडी थंडही ठेवा. एक घोट इकडचा, एक तिकडचा. याच क्षणासाठी आपण एक बाटली धरून बसलो होतो. कोमट साके पेल्यातच निवत जाते, तेव्हा दहा मिनिटांनी पुन्हा चाखा. तापवून परत निवलेल्या साकेची चव नुसत्या साकेहून निराळी लागते.

चौथी संध्याकाळ: जेवणाबरोबर

मिठाचे, साधे पदार्थ साकेला मानवतात. जपानमध्ये मीठ लावून भाजलेला बांगडा, उकडलेल्या कोवळ्या सोयाबीनच्या शेंगा, टोफू, लोणचं हे नेहमीचं. आपल्या घरी मीठ-हळद लावून रव्यात तळलेला बांगडा, भाजलेली सुकट, खारे दाणे, उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा घ्या. या शेंगा आणि कोमट जुनमाइ हे माझं पावसाळ्यातलं आवडतं.

झणझणीत रश्श्यापुढे गिंजो हरवून जाते, तिचा सगळा वास वाया जातो. तिखट जेवणच असेल तर ‘निगोरि’ आणा. ती दाट, दुधाळ, बहुधा गोडसर असते, कारण तिच्यात तांदळाचा चोथा थोडा राहू दिलेला असतो. नारळाच्या रसातल्या माशाच्या कढीशी ती छान जमते. सोलकढीबरोबर मात्र कुठलीच साके घेऊ नये असं माझं मत आहे, आमसुलापुढे ती पांचट लागते.

साकेच्या प्रत्येक पेल्यामागे तेवढंच पाणी प्या. याला तिकडे ‘यावारागि मिझु’ म्हणजे मवाळ करणारं पाणी म्हणतात आणि चांगल्या ठिकाणी ते न मागता येतं. एक गो साकेत साधारण 20 ग्रॅमहून थोडं जास्त शुद्ध अल्कोहोल असतं, एका माणसाला एका संध्याकाळी ते भरपूर झालं. कोमट साके सहज उतरते, म्हणून तिथे जास्त भान ठेवा. कायद्याने ठरवलेलं वय, परवाना, गाडी न चालवणं हे सगळं इथेही लागू आहेच.

जपानमध्ये आपला पेला आपण भरत नाहीत, शेजारच्याचा भरतात. समोरचा ओतत असेल तर पेला हातात उचलून, दुसऱ्या हाताचा आधार देऊन धरतात. घरी दोघंच असाल तरी हे करून बघा. पेले लहान असतात, त्यामुळे सारखं एकमेकांकडे लक्ष द्यावं लागतं.

पुढची बाटली

वहीत चार संध्याकाळींची टिपणं असतील. थंड जास्त आवडली असेल तर पुढे जुनमाइ गिंजो आणा. कोमट आवडली तर किमोतो किंवा यामाहाइ. हलकी आणि कोरडी हवी असेल तर निइगाता प्रांताची, उदाहरणार्थ ‘हाक्काइसान’. कोबेजवळच्या नाडा भागात मियामिझु नावाचं खनिजांनी भरलेलं पाणी आहे, त्याने आंबण्याला जोर येतो आणि साके कणखर होते. क्योतोतल्या फुशिमीचं पाणी त्याहून मऊ, तिथली साकेही मऊ. नाडाची ‘किकु-मासामुने’ आणि फुशिमीची ‘गेक्केइकान’ शेजारी शेजारी ठेवून पिण्यासारख्या आहेत.

बाटलीच्या तळाशी अर्धी वाटी उरली असेल आणि बाजारात तिसऱ्या (शिंपल्या) दिसल्या, तर त्या आणा. मिठाच्या पाण्यात तासभर ठेवून रेती काढा आणि चोळून धुवा. कढईत घालून वर ती अर्धी वाटी साके ओता, झाकण ठेवा, आच मोठी. तीन-चार मिनिटांत शिंपले उघडतात. न उघडलेले टाकून द्या. वरून चिरलेली कांद्याची पात. मीठ घालू नका, तिसऱ्यांचं पुरतं. खाली जो रस सुटतो तो वाटीत घेऊन गरम गरम प्यायचा.